खिडकीपाशी उभी असलेली मुलगी

प्रस्तावना

एखाद्याची शाळा अर्धवट सुटली, की त्याच्यावर एक शिक्का बसतो. 'अभ्यासात लक्षच नव्हते', 'डोके चालत नव्हते' असे लोक सहज बोलून जातात आणि ऐकून ऐकून त्या व्यक्तीलाही ते खरे वाटू लागते. वास्तविक शाळा सुटण्यामागे घरची ओढगस्त, आजारपण, लवकर झालेले लग्न, स्थलांतर अशी अनेक कारणे असतात. कधी कधी तर शाळेलाच मूल समजलेले नसते. अशाच एका मुलीची ओळख आपण या पाठात करून घेणार आहोत. तिला पहिलीच्या वर्गातूनच काढून टाकण्यात आले होते.

या मुलीचे नाव तेत्सुको कुरोयानागी. तिचा जन्म १९३३ साली टोकियो येथे झाला. पुढे ती जपानमधील नामवंत अभिनेत्री व दूरदर्शनवरील निवेदिका झाली. आपल्या बालपणावर तिने लिहिलेले पुस्तक १९८१ साली प्रसिद्ध झाले. चेतना सरदेशमुख गोसावी यांनी केलेला त्याचा मराठी अनुवाद 'तोत्तोचान' या नावाने नॅशनल बुक ट्रस्टने प्रकाशित केला आहे. हे आत्मकथन आहे. परंतु जिवंत पात्रे, छोटे छोटे प्रसंग आणि संवाद यांमुळे ते एखाद्या किशोर कादंबरीसारखे वाचले जाते.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही
• पुस्तकातील प्रमुख व्यक्तींचे स्वभावविशेष सांगू शकाल;
• मैत्री व कुटुंब यांचे मुलाच्या वाढीतील स्थान स्पष्ट करू शकाल;
• आत्मकथन व कादंबरी यांतील साम्य आणि भेद ओळखू शकाल.

आईचे मौन

लहानग्या तेत्सुकोला सगळे 'तेत्सुको-चान' म्हणत. 'चान' हा जपानी भाषेत लाडाने नावापुढे जोडला जाणारा शब्द. तिला मात्र ते 'तोत्तोचान' असे ऐकू येई आणि तेच आपले नाव आहे, असे तिला वाटे. वर्गात ती बाकाचे झाकण सारखे उघडमीट करी, रस्त्यावरच्या वाजंत्रीवाल्यांची वाट पाहत खिडकीपाशी उभी राही आणि घरटे बांधणाऱ्या पाखरांशी मोठ्याने बोले. बाई वैतागल्या. शाळेने आईला बोलावून मुलीला दुसरीकडे नेण्यास सांगितले.

आईने हे मुलीला सांगितले नाही. आता आपण नव्या शाळेत जायचे, एवढेच ती म्हणाली. खरे कारण तोत्तोचानला वयाची वीस वर्षे उलटल्यावर कळले. आईच्या या मौनामुळे 'आपण टाकून दिलेली मुलगी आहोत' ही भावना तिच्या मनाला शिवलीच नाही.

मुख्याध्यापकांचे ऐकणे

नव्या शाळेचे नाव होते तोमोए. सोसाकु कोबायाशी यांनी ती १९३७ साली सुरू केली होती. तेथे वर्ग भरत ते रेल्वेच्या जुन्या, वापरातून काढलेल्या डब्यांत. साऱ्या शाळेत मिळून मुले होती सुमारे पन्नास. दिवसभराच्या अभ्यासाची यादी सकाळी फळ्यावर लिहिलेली असे. त्यातला कोणता विषय आधी घ्यायचा, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

पहिल्या भेटीत कोबायाशींनी तोत्तोचानला समोर बसवले आणि मनात येईल ते सांगण्यास सुचवले. ती सुमारे चार तास बोलत राहिली. त्यांनी जांभई दिली नाही की मध्येच थांबवले नाही. आपले बोलणे कोणी इतका वेळ ऐकून घेतल्याचा अनुभव तिला प्रथमच येत होता.

एकदा तिचे आवडते पाकीट शौचकूपात पडले. ते शोधण्यासाठी ती खालच्या टाकीतला मैला उपसून बाहेर ढीग घालू लागली. तेवढ्यात मुख्याध्यापक तेथून गेले. ते रागावले नाहीत. काम झाले की सर्व परत आत टाकशील ना, एवढेच त्यांनी विचारले. पाकीट काही सापडले नाही. पण तिने ढीग जागच्या जागी परत टाकला. आपल्या कामाची जबाबदारी आपली, हा धडा तिला उपदेशाविना मिळाला.

मित्राचा हात

तिच्या वर्गात यासुआकी-चान नावाचा मुलगा होता. पोलिओमुळे त्याला नीट चालता येत नसे. तोमोएच्या आवारात प्रत्येक मुलाचे एक स्वतःचे झाड होते. यासुआकीला मात्र झाडावर चढणे शक्य नव्हते. उन्हाळ्याच्या सुट्टीत तोत्तोचानने त्याला आपल्या झाडावर येण्याचे आमंत्रण दिले. घरी कोणाला खरे सांगितले नाही. शिपायाच्या खोलीतून शिडी ओढत आणली, ती डगमगली. मग घडवंची आणली. घामाघूम होऊन तिने अखेर त्याला फांदीवर ओढून घेतले. दोघे वर बसून गप्पा मारत राहिली. यासुआकीच्या दृष्टीने झाडावरून जग पाहण्याची ती पहिली आणि शेवटचीच वेळ ठरली. पुढे तो वारला. त्याने वाचायला दिलेले पुस्तक परत करायचे राहूनच गेले.

मोठे होणे

युद्धाचे दिवस आले. खाण्याचे हाल सुरू झाले. व्हायोलिनवादक असलेल्या वडिलांना युद्धगीते वाजवल्यास साखर, तांदूळ असा शिधा मिळणार होता. परंतु त्यांचे मन त्याला तयार झाले नाही. घरातल्यांनीही त्यांना साथ दिली.

मोठी झाल्यावर याच शाळेत शिकवीन, असे वचन तोत्तोचानने मुख्याध्यापकांना दिले होते. ते पाळता आले नाही. १९४५ साली बाँबवर्षावात तोमोए जळून गेली. शाळा जळत असताना कोबायाशींनी आपल्या मुलाला विचारले, की आता पुढची शाळा कशी बांधू या? मनातली ती शाळा उभी होण्यापूर्वीच, १९६३ साली, ते निवर्तले.

आशय समजून घेऊ

'खिडकीपाशी' या शब्दाला जपानी भाषेत आणखी एक छटा आहे. कामाच्या मुख्य प्रवाहातून बाजूला सारलेल्या माणसांसाठी तो वापरला जातो. पहिल्या शाळेत तोत्तोचान अशीच बाजूला पडली होती. दुसऱ्या शाळेत गेल्यावर तिचा स्वभाव पालटला नाही. तिच्याकडे पाहणारी दृष्टी पालटली. आईने तिचा आत्मसन्मान जपला, गुरूने तिचे म्हणणे ऐकले आणि मित्राला आधार देताना तिला स्वतःचे बळ कळले.

तुमच्यापैकीही काहीजण पुष्कळ वर्षे खिडकीपाशी उभे राहिले असतील. एका शाळेचा निर्णय हा माणसाबद्दलचा अखेरचा निर्णय नसतो, हे हे पुस्तक वाचून उमगते. तुमच्या घरात लहान मुले असतील, तर आज त्यांच्यापैकी एकाचे बोलणे मध्ये न थांबवता ऐकून पाहा.

पाठगत प्रश्न

१. तोत्तोचानला पहिल्या शाळेतून का काढून टाकले?
२. पाकिटाच्या प्रसंगातून मुख्याध्यापकांचा कोणता गुण दिसतो?
३. यासुआकीला झाडावर चढवण्यासाठी तोत्तोचानने काय काय केले?

स्वाध्याय

१. आईने खरे कारण लपवले, हे योग्य होते का? तुमचे मत सकारण लिहा.
२. 'हे आत्मकथन असूनही कादंबरीसारखे वाटते.' पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. अडचणीच्या काळात तुम्हाला आधार देणाऱ्या व्यक्तीविषयी दहा-बारा ओळी लिहा.