होमाई व्यारावाला यांचे सिंहावलोकन

सिंह वाटचाल करीत असता मधूनच थबकतो, मान वळवितो आणि मागे टाकलेल्या वाटेवर एकवार दृष्टी फिरवितो. त्याच्या या सवयीवरून आपल्या भाषेत 'सिंहावलोकन' हा शब्द रूढ झाला. एखाद्या कलावंताची आयुष्यभराची निर्मिती एकत्र मांडून दाखविणाऱ्या प्रदर्शनास म्हणूनच सिंहावलोकनी प्रदर्शन म्हणतात. चित्रकारांना हा मान पूर्वीपासून मिळत आला. छायाचित्रकारांच्या वाट्यास तो उशिरा आला. कॅमेरा हे यंत्र, आणि यंत्राच्या कामात कला ती कोठली, अशी समजूत दीर्घकाळ होती. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांचे वडील वा काका यंत्रावर काम करतात, त्या विद्यार्थ्यांना ही समजूत किती पोकळ आहे हे सांगावयास नको. एकाच लेथवर दोन कारागीर उभे केले, तरी दोघांच्या हातचे काम सारखे उतरत नाही.

भारतातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार मानल्या गेलेल्या होमाई व्यारावाला यांच्या कार्याचे असे प्रदर्शन २०१० साली नवी दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाने अल्काझी प्रतिष्ठानाच्या सहकार्याने भरविले. त्याची मांडणी सबीना गडिहोक यांनी केली होती. पुढे ते मुंबईस, सर कावसजी जहांगीर सभागृहाच्या जुन्या वास्तूत असलेल्या त्याच संग्रहालयाच्या शाखेत आले. होमाईबाईंच्या दृष्टीने ते स्वगृही परतणेच होते. त्यांचा जन्म ९ डिसेंबर १९१३ रोजी नवसारी येथे झाला. वडील फिरत्या पारशी नाटकमंडळीत नट होते. शिक्षण मात्र मुंबईत झाले आणि सर जे. जे. कलाशाळेत त्या चित्रकला शिकल्या. छायाचित्रणाचे धडे त्यांना माणेकशा व्यारावाला यांनी दिले. पुढे उभयतांचा विवाह झाला.

त्यांच्या आरंभीच्या चित्रांत राजेरजवाडे नाहीत. सहलीस निघालेल्या स्त्रिया, कलाशाळेतील मैत्रिणी आणि मुंबईचे रस्ते त्यांत आहेत. रेहाना मोगल या सहाध्यायिनीची त्यांनी टिपलेली चित्रे पाहिली, की त्या काळची शिकू लागलेली, आत्मविश्वासाने वावरणारी तरुणी आपल्यासमोर उभी राहते. प्रसिद्ध झालेल्या पहिल्या चित्रांबद्दल त्यांना प्रत्येकी एक रुपया मिळाला. परंतु आरंभीची कित्येक चित्रे पतीच्या नावाने छापली गेली. चित्र घेणारी स्त्री, नाव पुरुषाचे. आणि वाचकांना त्याचा पत्ताही नाही! पुढे त्यांनी 'डालडा १३' असे गमतीचे टोपणनाव घेतले. जन्म १९१३ मधला, माणेकशांची भेट झाली ती तेराव्या वर्षी, आणि पहिल्या मोटारीचा क्रमांक डीएलडी १३, असा त्या तेराचा उलगडा आहे.

१९४२ साली त्या दिल्लीस गेल्या. साडी नेसलेली ही बाई जड कॅमेरे घेऊन समारंभातून हिंडे. त्यांच्या कॅमेऱ्यांत जर्मन बनावटीचा रोलायफ्लेक्स होता. त्यात पाहण्यासाठी मान खाली घालून काचेवर दिसणारे प्रतिबिंब न्याहाळावे लागे. डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे दिसे. एका फिल्मवर चित्रे अवघी बारा. आज आपल्या खिशातील दूरध्वनीवर मिनिटास बारा चित्रे निघतात, आणि त्यांतले एकही धड पाहिले जात नाही. हा भाग वेगळा.

त्यांच्या कॅमेऱ्याने जे टिपले ते आता आपल्या इतिहासाचे धन आहे. १६ ऑगस्ट १९४७ रोजी लाल किल्ल्यावर फडकलेला तिरंगा त्यात आहे. महात्माजींची अंत्ययात्रा आहे. १९५६ साली नथू ला खिंडीतून भारतात येणारे दलाई लामा आहेत. 'छायाचित्रे घेण्यास सक्त मनाई' अशा फलकाशेजारी उभे असलेले पंडित नेहरूही आहेत. त्या चित्रातील मिस्किलपणा मला फार आवडतो. परंतु सर्वांत वेळ खिळवून ठेवते ते जून १९४७ मधील चित्र. काँग्रेसचे नेते फाळणीच्या योजनेस हात वर करून संमती देत आहेत, एवढेच त्यात दिसते. रक्त नाही, आक्रोश नाही. त्या वर उचललेल्या हातांनी लक्षावधी कुटुंबांची घरे सुटणार होती, हे पाहणारास ठाऊक असते आणि म्हणून नजर तेथून हलत नाही.

जर्मनीतील आंद्रेआस गुर्स्की या आजच्या ख्यातनाम छायाचित्रकाराचे सिंहावलोकन २०१८ साली लंडनच्या हेवर्ड कलादालनात झाले. त्याची चित्रे भिंतभर मोठी असतात. ऱ्हाईन नदीच्या १९९९ मधील प्रसिद्ध चित्रातून त्याने काठावरची माणसे आणि पलीकडची कारखान्याची इमारत संगणकाच्या साहाय्याने पुसून टाकली. कलावंतास ते स्वातंत्र्य आहे. वृत्तछायाचित्रकारास ते नाही. होमाईबाईंच्या त्या जूनमधील चित्रातून एक जरी हात पुसला, तरी ती साक्ष खोटी ठरेल.

साक्ष देण्याची एक संधी मात्र हुकली. ३० जानेवारी १९४८ रोजी त्या गांधीजींच्या प्रार्थनासभेस निघाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून जावे, म्हणून माणेकशांनी त्यांना परत बोलाविले. त्या सायंकाळी काय घडले, हे सर्वश्रुत आहे. तेथे आपण नव्हतो, ही खंत त्यांना जन्मभर राहिली.

१९६९ साली पती निवर्तले. नव्या छायाचित्रकारांतील धसमुसळेपणा आणि शिष्टाचाराचा अभाव त्यांना रुचत नव्हता. १९७० साली त्यांनी व्यवसाय सोडला, तो कायमचा. मुलासमवेत त्या प्रथम पिलानीस व १९८२ पासून बडोद्यास राहिल्या. १९८९ साली तोही गेला. त्यानंतर त्या घरी एकट्याच राहत. बागकाम करीत, घरची लहानसहान कामे स्वहस्ते उरकीत. आपल्या शेजारी कोण राहते, हे गल्लीतील कित्येकांना ठाऊक नसावे. चित्रांचा तो संग्रह त्यांनी २०१० साली अल्काझी प्रतिष्ठानाच्या स्वाधीन केला. २०११ साली त्यांना पद्मविभूषण हा किताब मिळाला, आणि १५ जानेवारी २०१२ रोजी, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, बडोद्यास त्यांचे निधन झाले.