नव्या मोटारीचा सौदा आणि विक्रेत्याचे हिशेबपत्रक

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : महोदय, मी माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक असून आयुष्यात प्रथमच स्वतःची मोटार घेत आहे. सुमारे ९,४०,००० रुपये एक्स-शोरूम किमतीच्या, १२०० सीसीच्या आतील पेट्रोल गाडीसाठी मी २१,००० रुपये भरून बुकिंग केले. आता हाती आलेल्या कोटेशनमध्ये विमा ५४,०००, ‘आरटीओ’ १,२४,०००, ‘हँडलिंग चार्जेस’ ८,५०० आणि अ‍ॅक्सेसरीज ३८,००० अशा रकमा धरून ‘ऑन रोड’ किंमत सांगितली आहे. विमा बाहेरून ३३,००० रुपयांत मिळतो असे सांगताच, ‘मग कॅशलेस मिळणार नाही’ असे उत्तर आले. अ‍ॅक्सेसरीज नकोत म्हटल्यावर, ‘मग दसऱ्याला गाडी मिळणार नाही, नंबर मागे जाईल’ असे ऐकवण्यात आले. बुकिंग रद्द केल्यास पैसे परत नाहीत, असेही म्हणतात. फॉर्मवर माझी सही आहे. मुलगा म्हणतो, “बाबा, सणाच्या तोंडावर वाद नको, देऊन टाका.” हे सर्व मान्य करणे मला भाग आहे काय?
— एक वाचक, मिरज

उत्तर : नाही. आपल्या चिरंजीवांची भावना समजण्याजोगी आहे. परंतु जो माणूस चाळीस वर्षांच्या नोकरीतून साठवलेली पुंजी एका वस्तूवर खर्च करतो, त्याने प्रत्येक रकमेचा तपशील मागणे याला वाद म्हणत नाहीत, तो त्याचा हक्क आहे. आणि हा हक्क बजावताना ग्राहकाला संकोच वाटावा, अशी हवा ज्या दुकानात मुद्दाम निर्माण केली जाते, तेथे तर त्याने तो अधिकच निर्धाराने बजावला पाहिजे.

‘ऑन रोड’ या एका आकड्यात चार निरनिराळ्या स्वरूपाच्या रकमा एकत्र कोंबलेल्या असतात : मोटारीची किंमत, सरकारचा कर, विमा कंपनीचा हप्ता, आणि विक्रेत्याने आपल्या मर्जीने लावलेले आकार. यांपैकी पहिल्या तिन्हींना स्वतंत्र पावती असते आणि चौथ्याला बहुधा नसते. म्हणूनच एकत्रित आकडा विक्रेत्यास सोयीचा आणि ग्राहकास घातक ठरतो. सबब पहिले काम हे की, प्रत्येक बाब, तिचा आकार आणि तो कोणाच्या खात्यात जाणार, हे विक्रेत्याच्या शिक्क्यानिशी लेखी मागावे.

आता करापासून आरंभ करू. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावे घेतलेल्या पेट्रोल मोटारीस, किंमत दहा लाखांपर्यंत असेल तर, एकरकमी कर ११ टक्के पडतो. म्हणजे आपल्या गाडीवर १,०३,४०० रुपये. हलक्या खाजगी वाहनाच्या नोंदणीचे शुल्क ६०० रुपये आहे, आणि कर्ज काढून गाडी घेत असल्यास बँकेच्या बोजाची नोंद करण्यासाठी १,५०० रुपये आणखी. स्मार्ट कार्ड, टपाल व तत्सम सरकारी आकार उदार हाताने धरले, तरी आपल्याकडून मागितलेल्या १,२४,००० रुपयांतून पंधरा हजारांहून अधिक रकमेचा हिशेब लागत नाही. कर व शुल्क भरल्याची पावती परिवहन खात्याच्या ‘वाहन’ प्रणालीतून गाडीच्या मालकाच्या नावे निघते. ती पावती आपल्या हाती येईल आणि तीवरील रकमेइतकेच पैसे आपण द्याल, एवढे एक वाक्य विक्रेत्याला लिहून कळवले, तर हा आकडा पुष्कळदा आपोआप खाली येतो. (किंमत दहा लाखांच्या वर असती, तर विक्रेत्याने एक टक्का आयकर गोळा केला असता, तो मात्र वाया जात नाही, विवरणपत्रात आपल्या नावे जमा धरला जातो.)

‘हँडलिंग चार्जेस’विषयी फार लिहिण्याचे कारण नाही. मोटार वाहन कायद्यात किंवा त्याखालील नियमांत या नावाचे कोणतेही शुल्क नाही. एक्स-शोरूम किंमत म्हणजेच शोरूमच्या दारात उभ्या असलेल्या गाडीची किंमत. गोदामातून तेथवर ती आणण्याचा खर्च ग्राहकाकडून पुन्हा वसूल करणे म्हणजे एकाच श्रमाचे दोनदा दाम घेणे होय. ही रक्कम आपण देऊ नये.

विम्याचा प्रश्न थोडा विस्ताराने पाहिला पाहिजे, कारण विक्रेत्याचा खरा आग्रह येथेच असतो आणि ग्राहकाची दिशाभूलही येथेच सर्वाधिक होते. नव्या मोटारीस त्रयस्थ व्यक्तीच्या हानीचा विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून ही सक्ती आहे. त्याचा हप्ता सरकार ठरवते, आणि २०२२ च्या अधिसूचनेप्रमाणे १००० ते १५०० सीसीच्या मोटारीस तो १०,६४० रुपये व त्यावर वस्तू-सेवा कर असा आहे. हा आकडा कोणत्याही कंपनीकडे गेलात तरी बदलत नाही. बदलतो तो आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता, जो एक वर्षापुरताच घेतला तरी चालतो, आणि त्यास जोडलेली जादा संरक्षणे. चोपन्न हजार आणि तेहतीस हजार यांतील एकवीस हजारांचे अंतर या दुसऱ्या भागात दडलेले आहे. दोन्ही प्रस्ताव शेजारी ठेवून गाडीचे विमित मूल्य, घसारा न कापण्याची सोय आणि अन्य जोड-संरक्षणे समान आहेत ना, याची रुजुवात घालावी. मालक-चालकाचा पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आपल्याकडे आधीच असेल, तर तो पुन्हा विकत घेण्याची गरज नाही.

कॅशलेसची धमकी निराधार आहे. ती सोय विमा कंपनी आणि दुरुस्ती-केंद्र यांच्यातील करारावर अवलंबून असते. विमा कोणाच्या टेबलावर बसून काढला यावर नव्हे. आपण निवडलेल्या कंपनीच्या यादीत आपल्या भागातले अधिकृत केंद्र आहे की नाही, हे तिच्याच संकेतस्थळावर पाहता येते. येथे एक अडचण मात्र येते, तिची तजवीज आधीच करावी : बाहेरून विमा घेण्यास गाडीचा चॅसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक लागतो, आणि काही विक्रेते तो अखेरच्या दिवसापर्यंत देत नाहीत, जेणेकरून ग्राहक थकून त्यांचाच विमा पत्करील. गाडी आपल्या नावे निश्चित होताच हे दोन्ही क्रमांक ई-मेलने मागावेत आणि मागितल्याची नोंद जपून ठेवावी.

आता अ‍ॅक्सेसरीज. एक वस्तू हवी असेल तर दुसरीही घेतली पाहिजे अशी अट घालणे, यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २ मधील ४१ व्या व्याख्येत निर्बंधात्मक व्यापारी प्रथा म्हटले आहे. ही कल्पना नवी नाही; १९६९ च्या मक्तेदारी व निर्बंधात्मक व्यापारी प्रथा अधिनियमापासून ती आपल्या कायद्यात आहे, आणि ज्या काळात मोटारीसाठी व स्कूटरसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत नाव लावून बसावे लागे, त्या काळातल्या ग्राहकांच्या अनुभवातून तिची गरज पटलेली आहे. माल थोडा आणि मागणी फार असली, की जोडीला नको ते गळ्यात बांधण्याची प्रवृत्ती बळावते. दसऱ्याचा मुहूर्त ही अशीच कृत्रिम टंचाई. आपला क्रमांक बुकिंगच्या तारखेवरून ठरतो की अडतीस हजारांच्या खरेदीवरून, असा सरळ प्रश्न लेखी विचारा. याचे लेखी उत्तर कोणताही विक्रेता सहसा देणार नाही, आणि त्याचे मौनही पुढे आपल्या उपयोगी पडेल.

आपण सही केली आहे, ही गोष्ट मी हलकी लेखत नाही. बुकिंग फॉर्मवर अ‍ॅक्सेसरीजची रक्कम स्पष्ट छापलेली असून तिच्याखाली आपली सही असेल, किंवा त्या वस्तू गाडीला बसवून घेऊन आपण वापरू लागलात, तर मागाहून त्यांची किंमत परत मिळवणे कठीण आहे, हे मी आपल्याला स्पष्ट सांगतो. म्हणून नकार आत्ताच, गाडी ताब्यात घेण्यापूर्वी, लेखी नोंदवावा. आणि काही कारणाने एखादी रक्कम भरणे अगदीच अटळ झाले, तर ‘तक्रारीचा हक्क राखून भरणा’ असा शेरा पत्रात लिहून, धनादेशाने अथवा बँकेमार्फतच ती भरावी. रोख कोणतीही रक्कम देऊ नये. एका व्यवहारात दोन लाख वा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास तर आयकर कायद्याचीच मनाई आहे.

बयाण्याविषयी : १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे ७४ वे कलम असे की, करारभंगाबद्दल आगाऊ रक्कम ठरवलेली असली तरी न्याय्य तेवढीच भरपाई मागता येते. आपण केवळ मन बदलले म्हणून सौदा मोडला असता, तर अल्पसा रद्द-आकार आपल्याला सोसावा लागला असता. येथे तर नव्या अटी घालून सौद्याचे स्वरूप विक्रेत्यानेच पालटले आहे, त्यामुळे संपूर्ण २१,००० रुपये जप्त करण्याची भाषा टिकणारी नाही.

पत्राची एक प्रत निर्मात्या कंपनीच्या ग्राहक विभागाकडे धाडावी. पुष्कळ प्रकरणे येथेच मिटतात, कारण विक्रेत्याला कायद्याहून कंपनीची भीती अधिक असते. न मिटल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि सांगलीच्या परिवहन कार्यालयासही कळवावे. विक्रेत्याचे व्यवसाय प्रमाणपत्र परिवहन खात्याकडूनच मिळते आणि नियमभंगाबद्दल ते तहकूब वा रद्दही होऊ शकते. अखेरचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. पन्नास लाखांपर्यंतच्या व्यवहाराची दाद तेथे मागता येते, विक्रेता कोठलाही असला तरी ती आपण राहता त्या जिल्ह्यात मागता येते, वकील देणे सक्तीचे नाही, आणि दहा ते वीस लाखांच्या व्यवहारास शुल्क अवघे ४०० रुपये आहे. कायद्याने तीन ते पाच महिन्यांत निकालाची अपेक्षा धरली असली, तरी प्रत्यक्षात विलंब होतो, हे मनाशी धरूनच पाऊल टाकावे. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या, १९७५ पासून या कामात मुरलेल्या संस्थांचा सल्लाही घेता येईल.

मुहूर्ताबाबत एवढेच बजावतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या ४२ व्या नियमाप्रमाणे, तात्पुरत्या वा कायम नोंदणीविना गाडी ग्राहकाच्या ताब्यात देण्यास विक्रेत्याला मनाई आहे. ‘आज पूजा करून घेऊन जा, नंबर मागाहून येईल’ असे कोणी म्हणाले, तर ते मानू नये. वाटेत अपघात झाल्यास ती जोखीम आपल्याच माथी येईल.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी ‘याच वर्षाची’ म्हणून घेतलेल्या मोटारीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर निर्मितीचा महिना गाडी घेण्याच्या चौदा महिने आधीचा आढळला. विक्रेता म्हणतो, ‘गाडी न वापरलेली आहे, फरक काय पडतो?’ माझ्यापुढे काही उपाय आहे का?
— एक वाचक, म्हापसे

उत्तर : बाई, फरक पडतो, आणि तो पैशात मोजता येतो, कारण पुढे गाडी विकताना खरेदीदार निर्मितीचे वर्ष पाहतो. जुना साठा विकणे हा गुन्हा नाही, परंतु त्याचे वय लपवून नव्याच्या भावाने तो विकणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. विक्रीच्या वेळी दिल्या जाणाऱ्या नमुना २१ या विक्री प्रमाणपत्रात निर्मितीचा महिना व वर्ष लिहिण्याची जागा असते. आपल्या प्रतीत तेथे काय लिहिले आहे, ते आधी पाहा. ती जागा कोरी असेल किंवा चुकीची भरलेली असेल, तर तोच आपला सर्वांत बळकट पुरावा.

आपल्याच गोव्यातील असे एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. २०११ ची म्हणून विकलेली गाडी २००९ ची निघाली, तीही सहाशेहून अधिक किलोमीटर धावलेली. फेब्रुवारी २०२१ च्या निकालात न्यायालयाने निर्मात्या कंपनीस जबाबदारीतून मुक्त केले. कारण विक्रेता कंपनीकडून माल विकत घेऊन स्वतःच्या हिशेबावर विकत होता आणि या लबाडीची कंपनीस माहिती असल्याचे ग्राहकाच्या तक्रारीत नेमके मांडलेले नव्हते. विक्रेत्यावरील दायित्व मात्र कायम राहिले. आपल्यासाठी यातून निघणारी गोष्ट अशी की, तक्रारीचा रोख विक्रेत्यावर ठेवावा. कंपनीला पक्षकार करायचेच असेल, तर तिला काय ठाऊक होते आणि ते कशावरून, हे स्पष्ट शब्दांत लिहावे, नुसते नाव घालून भागत नाही.

आपल्या ठिकाणी मी गाडी बदलून मागण्याऐवजी किमतीतील फरक, मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च मागितला असता. नोंदणी होऊन वापरात आलेली गाडी परत घेण्याचा हुकूम मोठ्या दोषाखेरीज सहसा होत नाही. विक्रेत्याने पाठवलेले संदेश, कोटेशन आणि ‘याच वर्षाची’ असे म्हटलेली जाहिरात आजच जपून ठेवा. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. ती गाडी ताब्यात आल्याच्या तारखेपासूनच सुरू झाली, असे धरून चालावे.