वाटल्याने उरणारा वारसा



‘वारसा’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम येतो तो सातबाराचा उतारा. कोणाच्या नावावर किती गुंठे, भावाभावांत वाटणी कशी झाली, रस्त्यात किती गेले. आपल्या वसईच्या पट्ट्यात हा विषय निघाला नाही असे घर क्वचितच सापडेल. पण आपल्या वाडवडिलांनी मागे ठेवलेला वारसा एवढाच होता का? या लेखात आपण त्याचे तीन भाग वेगळे करून पाहू या: जमीन, वाण आणि जाण.

१. जमीन

जुन्या करारात राजे या पहिल्या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायात नाबोथाची गोष्ट येते. त्याचा द्राक्षमळा अहाब राजाच्या वाड्याला लागून होता. राजाला तिथे भाजीचा मळा करायचा होता. त्याने नाबोथापुढे दोन पर्याय ठेवले: याहून चांगला मळा घे किंवा रोख किंमत घे. व्यवहार म्हणून पाहिले तर देकार वाईट नव्हता. तरीही वडिलोपार्जित वतन देणार नाही, असे नाबोथाने सांगितले. पुढे ईजबेल राणीने खोटे साक्षीदार उभे करून त्याला दगडमार करविला, हे आपल्याला ठाऊक आहे.

नाबोथाने नकार का दिला? लेवीय पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात त्याचे उत्तर आहे. जमीन देवाची, माणसे तिच्यावर पाहुणे म्हणून राहतात, म्हणून ती कायमची विकायची नाही, असा तेथील नियम. नाबोथ स्वतःला मालक समजत नव्हता, राखणदार समजत होता.

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल सांगतो की प्रत्येक वस्तूचे दोन उपयोग असतात. त्याने जोड्याचे उदाहरण दिले आहे. जोडा पायात घालता येतो आणि तो देऊन दुसरी वस्तूही घेता येते. दोन्ही उपयोग खरेच. पण जोडा बनतो तो पायासाठी. वाडीचेही तसेच आहे. तिची किंमत येते हे खरे, पण किंमत येणे हे तिचे पहिले काम नव्हे. तिने घराला भाजी दिली, पाटी भरून मुंबईच्या बाजारात पाठवली, मुलांच्या फिया भरल्या. बावखलात पावसाचे पाणी साठले म्हणून शेजारच्या विहिरींना पाझर राहिला. जिथे बावखले बुजली आणि पंपाने बेसुमार उपसा झाला, तिथे विहिरी खारावल्या. पाणी अडवणारी व मुरवणारी जमीन भरली गेली की काय होते, ते जुलै २०१८ च्या पुरात आपण सर्वांनी अनुभवले आहे.

ज्यांनी आजारपणासाठी, शिक्षणासाठी किंवा वाटणीत पर्याय न उरल्याने जमीन विकली, त्यांना दोष देण्याचा येथे हेतू नाही. प्रश्न असा आहे: जमीन गेली म्हणजे वारसा संपला का?

२. वाण

येथे आपण केळीकडून धडा घेऊ या. आपल्या खाण्यातल्या केळीला रुजणारे बी नसते. तिची लागवड मुनव्यांपासून होते. नागवेलही बी पेरून नव्हे, तर वेलीचे तुकडे लावून वाढवतात. याचा अर्थ काय? आपल्या वाडीतली राजेळी, जिची सुकेळी आजी उन्हात वाळवायची, ती आज जिवंत आहे कारण प्रत्येक पिढीत कोणीतरी मुनवा काढून कोणाला तरी दिला. तो कपाटात ठेवून टिकत नाही. एखाद्या घराने केळ लावणे सोडले आणि त्याआधी शेजाऱ्याला मुनवा दिला नसेल, तर त्या घरची केळ कायमची गेली. दिला असेल, तर ती परत मागून आणता येते.

बियांचेही बरेचसे असेच. वालाची फुले बहुधा स्वतःच्याच परागाने फळतात, म्हणून चांगल्या वेलावरच्या शेंगा पूर्ण वाळू दिल्या की बी तयार. दुधीला मात्र नर आणि मादी फुले वेगळी येतात व ती संध्याकाळी उमलतात. जवळ दुसऱ्या जातीचा दुधी असेल तर परागकणांची सरमिसळ होते. म्हणून उमलण्याआधी मादी आणि नर दोन्ही कळ्यांवर कागदी पिशवी बांधावी, उमलल्यावर त्याच वेलाचे नर फूल मादी फुलाला हलकेच घासून पिशवी पुन्हा बांधावी आणि त्या फळाला खूण करावी. फळ वेलावरच कडक होऊ द्यावे. बी सावलीत सुकवून राखेत मिसळून बरणीत ठेवावे. दुकानातल्या संकरित बियाण्याचे बी धरले तर पुढच्या वर्षी तेच पीक येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेचे तोंड न पाहता गावठी वाणांचे बी जपले आणि इतरांना वाटले. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शेतकऱ्याने आपले बी राखावे, पेरावे, देवघेव करावी, हा हक्क आपल्या देशाच्या २००१ च्या कायद्यानेही मान्य केला आहे. संरक्षित वाणाचे बी छापील नावाने विकणे तेवढे त्यातून वगळले आहे.

३. जाण

कोणत्या पावसानंतर काय पेरावे, वेलाचा शेंडा कधी खुडावा, ही जाण सातबारावर लिहिलेली नसते. ती सांगणारा गेला की तीही जाते.

कोल्हापूरचे श्रीपाद दाभोळकर गणिताचे अध्यापक होते. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ नावाने शेतकऱ्यांचे जाळे उभे केले. त्यात गुरू-शिष्य असा भेद नव्हता. ज्याने आपल्या बागेत जे करून पाहिले ते त्याने दुसऱ्याला सांगायचे. तासगाव भागातील द्राक्ष बागायतदार अशा देवघेवीतून शिकले. दहा गुंठ्यांत, म्हणजे पाव एकरात, एका कुटुंबाच्या गरजा कशा भागतील याचा त्यांनी विचार मांडला. घरातला ओला कचरा कुजवून गच्चीवर भाजी पिकवण्याचेही त्यांनी लोकांना शिकवले.

आता तिन्ही भाग एकत्र ठेवून पाहू या. जमीन वाटली की प्रत्येकाचा हिस्सा कमी होतो. वाण आणि जाण वाटली की देणाऱ्याचे काही कमी होत नाही, घेणारा मात्र वाढतो. म्हणून या दोन गोष्टी एकट्याने जपता येत नाहीत. त्यांना मंडळी लागते. आगेऱ्याला नव्या भाताच्या लोंब्या आपण घरोघरी वेगवेगळ्या नव्हे, तर एकत्र येऊन देवापुढे आणतो, यातही हेच शहाणपण आहे.

या मंडळीत येण्यासाठी सातबारा लागत नाही. आपल्या धर्मग्रामात कोकणातून, घाटावरून, गोव्याहून, मंगळूरहून आलेली कुटुंबे इमारतींत राहतात. त्यांच्याही आजीला काहीतरी ठाऊक होते. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतल्या डब्यातही मिरची आणि अळू येते. वाडी असलेल्यांनी मुनवा आणि मूठभर बी आणावे, नसलेल्यांनी रिकामा डबा आणि आठवणीतली रीत आणावी. पावसाआधीच्या एका रविवारी मिस्सानंतर चर्चच्या ओट्यावर अशी देवघेव सुरू करता येईल.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरात आज कोणते जुने वाण शिल्लक आहे? ते आणखी कोणाकडे आहे?
२. घरातील वडीलधाऱ्यांना शेतीतले असे काय ठाऊक आहे, जे आपण अजून विचारलेले नाही?
३. जमीन विकायची वेळ आलीच, तर त्याआधी तिथले काय उचलून दुसरीकडे लावता येईल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्यांना तातडीने शोधायचे आहे, त्यांनी यंदाच्या पावसाची वाट पाहावी, पण त्यापलीकडे थांबू नये.