अंधाराची डबी

पोरी, परवा फोनवर तू म्हणालीस, "मामा, मला सावलीतून लढणारी बाई करायचीय. हातात तलवार, ओठांवर मंत्र." बरं वाटलं ऐकून. राळेगणला सुट्टीत आमच्या ओसरीवर डंजन्स अँड ड्रॅगन्सचा डाव रंगायचा तेव्हा तू खाली पडलेले फासे गोळा करायचीस, आता स्वतःचं कॅरेक्टर बांधतेयस. मी 2014च्या नियमांवर खेळत आलोय, त्याच हिशोबाने चार गोष्टी सांगतो. मल्टिक्लास हा त्या पुस्तकात ऐच्छिक नियम आहे, म्हणून डीएमला आधी विचार. मी सांगतोय तो हेक्सब्लेड वॉरलॉकही 2017च्या झनाथारच्या पुस्तकातला आहे, त्याचीही परवानगी घे.

आता लेव्हल. नवीन माणूस एक इकडे, एक तिकडे अशा वाटत सुटतो. मी तेच केलं होतं. दोन फायटरला, दोन विझार्डला, एक रोगला. पाचव्या लेव्हलला बरोबरचा लढवय्या एका टर्नमध्ये दोन वार करायला लागला, आमचा विझार्ड फायरबॉल टाकायला लागला, आणि माझ्याकडे एक वार आणि पहिल्या पातळीचे मंत्र. तो गडी एका पुलावर मेला. मला अजून वाईट वाटतं, कारण चूक त्याची नव्हती, मी त्याला नीट बांधलाच नव्हता. पाणलोटाच्या कामात माथा ते पायथा म्हणतात ना, तसं आहे हे. माथ्यावर पाणी अडवायच्या आधी खाली बांध घातला, तर तो गाळाने भरून जातो.

तर पहिली लेव्हल फायटरची घे. फक्त पहिली. कारण कॉन्स्टिट्यूशनच्या सेव्हिंग थ्रोची तयारी फायटरला पहिल्याच लेव्हलला मिळते, नंतर फायटर झालं तर मिळत नाही. मंत्रावर चित्त धरून असताना घाव बसला, की दहा किंवा झालेल्या इजेच्या निम्मे, यातला मोठा आकडा गाठावा लागतो. नाही गाठला तर मंत्र तुटला. तुझा सगळा खेळ एका मंत्रावर उभा राहणार आहे, म्हणून ही तयारी आधी. मग सरळ पाच लेव्हल वॉरलॉक. हेक्सब्लेडला तलवार चॅरिस्मावर चालवता येते, तिसऱ्या लेव्हलला पॅक्ट ऑफ द ब्लेड घे, पाचव्याला थर्स्टिंग ब्लेड घेतलं की दुसरा वार आला. त्यानंतर हवं तर फायटरची दुसरी, अ‍ॅक्शन सर्जसाठी. आकडे ठरलेल्या सहातूनच मांड. 15 चॅरिस्माला, 14 कॉन्स्टिट्यूशनला, 13 डेक्स्टेरिटीला. फायटर आणि वॉरलॉक जोडायला चॅरिस्मा तेराच्या खाली चालत नाही, आणि स्ट्रेंग्थ किंवा डेक्स्टेरिटी यांतलं एक तरी तेरा लागतं. चिलखत ब्रेस्टप्लेट. जड चिलखत वाजतं, आणि सावली वाजत नाही.

वॉरलॉकला बऱ्याच लेव्हलपर्यंत दोनच स्पेल स्लॉट असतात. तुझे मित्र म्हणतील, एवढ्यात काय होतं? आपलं गावच पर्जन्यछायेतलं आहे, कमी पाण्यात हंगाम कसा काढायचा हे तुला सांगायला नको. तासाभराच्या विश्रांतीत ते दोन्ही परत भरतात. म्हणून दर चकमकीनंतर पार्टीला बसायला लाव. लाजू नकोस, लढवय्यांनाही त्या तासाचा उपयोग होतो.

आता खरी गोष्ट. वॉरलॉकच्या दुसऱ्या लेव्हलला डेव्हिल्स साइट घे, तिसऱ्याला डार्कनेस. पंधरा फूट त्रिज्येचा असा काळोख, की ज्यात डार्कव्हिजनवाल्यालाही दिसत नाही, तुला मात्र दिसतं. शत्रूला तू दिसत नाहीस म्हणून तुझ्या वाराला अ‍ॅडव्हांटेज, त्याच्या वाराला डिसअ‍ॅडव्हांटेज. पण तुझ्या सोबत्यांनाही दिसत नाही! सावलीची कॅरेक्टरं पार्टीत नकोशी होतात ती यामुळेच. त्यावर उपाय आहे. मंत्र जमिनीवर टाकू नकोस, एका खड्यावर टाक आणि तो खडा घट्ट झाकणाच्या डबीत ठेव, कुंकवाच्या डबीएवढ्या. झाकण लावलं की काळोख आत. शत्रूच्या घोळक्यात शिरलीस की झाकण काढ, आपला माणूस जवळ आला की लाव. दहा मिनिटं चालतो मंत्र. त्या वेळात हेक्स हा मंत्र विसर, दोन्हींना चित्त लागतं आणि चित्त एकच असतं. समोर कोणी डेलाइट टाकणारा असेल तर तुझा काळोख फिटतो, म्हणून पहिला वार त्याच्यावर.

मंत्राशिवायही अंधार वापरायला शीक. तुला आठवतं, लाइट गेली होती आणि मी ओसरीच्या कडेला कंदील ठेवला होता? तू तुळशीमागे जाऊन उभी राहिलीस आणि माझ्या बहिणीला, तुझ्या आईला, तू दिसलीच नाहीस, पण तुला तिच्या हातातल्या बांगड्यासुद्धा दिसत होत्या. पुस्तकात मशालीचा उजेड वीस फूट लख्ख आणि पुढे वीस फूट अंधुक असतो. नकाशावर आधी ती रेघ काढ. तुझी जागा रेघेच्या बाहेर.

ती कोण आहे, हे शेवटी सांगतोय, पण लेव्हल भरायच्या आधी ठरव. चॅरिस्मावर लढणारी म्हणजे नुसती देखणी नव्हे. बहिर्जी नाईकांना आठव. वेष आणि बोली बदलून शत्रूच्या गोटात वावरणारा माणूस म्हणून आपण त्यांना ओळखतो. आणि 5 एप्रिल 1663ची लाल महालाची रात्र आठव. पुण्यात एवढी मोठी फौज असताना महाराज थेट शायिस्ताखान उतरला होता त्या महालात शिरले ते अंधार, नेमकी माहिती आणि धिटाई यांच्या जोरावर. तुझ्या बाईला डिसेप्शन आणि स्टेल्थ दे, तिला एक खोटं नाव दे, आणि ज्या शक्तीशी तिने करार केला तिला बदल्यात काय कबूल केलं ते एका ओळीत लिही. नाथांच्या पोथीत मंत्रसिद्धीमागे तप आहे. तुझ्या बाईनेही काहीतरी मोजलेलं असू दे. मात्र नाथांना किंवा महाराजांना स्वतः खेळात उतरवू नकोस. त्यांच्याकडून घ्यायचं ते घे, फासे आपल्या माणसावर टाकायचे.

दिवाळीला येशील तेव्हा कागद घेऊन ये. पहिल्या काही लेव्हल ओसरीवर खेळून बघू. डबी तुझ्या आजीकडे आहे, खडा मी ओढ्यातून आणून ठेवतो.