चौकट आणि तारपा

आमली, सिल्वासा
२ ऑगस्ट

चि. सौ. बेबीस,


आज आमच्याकडे दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिदिनाची सुट्टी. झेंडावंदन करून आले आणि मागच्या पडवीत बसले. समोर मे महिन्यात तुझ्या दोन्ही मुलांनी काढलेली वारली चित्रं तशीच आहेत. ती बघता बघता मनात साठलेलं तुला लिहावंसं वाटलं.

तो दिवस आठव. गेरूनं सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाची एक वाटी, टोकं ठेचलेल्या बांबूच्या दोन काड्या. थोरलीनं आधी चारी बाजूंनी चौकट आखली. माणसाचे दोन त्रिकोण टोकाला जुळेनात, म्हणून ओल्या फडक्यानं पुसून तिनं तो माणूस तिसऱ्यांदा काढला. धाकट्यानं मधोमध तारपा हे वाद्य वाजवणारा काढला, चांगला हातभर, आणि त्याच्याभोवती नाचणारे काढत सुटला. जागा संपली तशी रांग खाली उंबऱ्यापर्यंत आणली. तू पोळ्या लाटता लाटता डोकावलीस आणि म्हणालीस, "ताईचं बघ जरा, किती रेखीव!" त्यानं काडी वाटीत ठेवली, ती पुन्हा उचलली नाही. पण थोरलीनंही त्यानंतर नवीन काही काढलं नाही, होतं तेच गिरवत बसली. वाखाणलेलं चित्र बिघडेल, ही धास्ती तिलाही बसली.

बेबी, या चित्रकलेत दोन्ही रीती मानाच्या आहेत. लग्नात भिंतीवर काढतात त्या चौकात पालघट देवी चौकटीच्या आत बसते. तारप्याच्या नाचात वादक मध्ये आणि माणसं त्याच्याभोवती वळणं घेत जातात. हा चौक पूर्वी सुवासिनींनीच लिहायचा. पलीकडे डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी पुरुष असून, आणि लग्नाचं निमित्त नसतानाही, रोज चित्रं काढायला घेतली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. रीत मोडली म्हणून कुणी त्यांच्या हातची काडी काढून घेतली नाही, हे आपलं भाग्य.

आजच्या दिवशी मंगेशकरांचं घरही आठवतं. १९५४ मध्ये सुधीर फडके आणि त्यांचे सोबती आपल्या या मुलखाच्या मुक्तीसाठी झटत होते, तेव्हा निधीसाठी लताबाई पुण्यात गायल्या होत्या. त्यांच्या लहानपणची गोष्ट तुला ठाऊक असेल. मास्टर दीनानाथांचा एक शिष्य रियाज करताना चुकला आणि चिमुरड्या लतानं त्याला बरोबर गाऊन दाखवलं. वडिलांनी ते मागून ऐकलं आणि मग तिला शिकवायला बसवलं. १९४२ मध्ये ते गेले तेव्हा लताबाईंची धाकटी बहीण आशाबाई आठ वर्षांच्या होत्या. पुढे दोघी एकाच क्षेत्रात आल्या. लताबाईंनी काही गाणी निग्रहानं नाकारली, आशाबाईंनी कॅब्रेपासून गझलेपर्यंत सगळं अंगावर घेतलं. भाऊ हृदयनाथ चाली बांधण्यात रमले. घरातला सूर एक, पण प्रत्येकाचा गळा आणि वाट वेगळी.

मी स्वतः हे उशिरा शिकले. पेटीवर माझ्या थोरल्याच्या बोटांशी धाकट्याची बोटं ताडून बघत राहिले. धाकट्यानं पेटी सोडली ती कायमची. ते माझ्या मनातून जात नाही, म्हणून तुला सांगते.

दीनानाथांसारखं आधी ऐक, मग बोल. चित्र बघून "छान" किंवा "वाकडं" म्हणण्याआधी "हे तुला कसं सुचलं?" एवढं विचार. थोरलीला बिघडवायची मोकळीक दे. धाकट्याला सुरू केलेलं तडीला न्यायला लाव. काड्या धुणं, सांडलेलं पीठ पुसणं ही शिस्त मात्र दोघांना सारखीच हवी, त्यात लहान-मोठं करू नकोस. आणि "ही शांत, हा धांदरट" असे शिक्के मारू नकोस. मुलं ते खरे करून दाखवतात.

दिवाळीला दोघांना घेऊन ये. थोरलीसाठी बाजूची भिंत सारवून ठेवते. धाकट्याची उंबऱ्याशी थांबलेली रांग मी पुसलेली नाही, ती त्यानंच येऊन पुरी करायची आहे.

तुझी,
मावशी