दहावीचा भूगोल : आधी नकाशा, मग पाठांतर

राज्य मंडळाचा दहावीचा भूगोलाचा पेपर 40 गुणांचा, वेळ दोन तास. पुस्तकात भारत आणि ब्राझील या दोन देशांची शेजारी शेजारी मांडणी आहे. नकाशा भरणे, नकाशा वाचणे आणि आलेख मिळून 14 गुण होतात. तरीही बहुतेक घरांत अभ्यासाची सुरुवात होते स्वाध्यायाची उत्तरं घोकण्यापासून. क्रम उलटा करा.

काय करावे

• रोज एक कोरा आराखडा भरा, आज भारताचा तर उद्या ब्राझीलचा. पुस्तक मिटून भरायचा आणि उघडून तपासायचा. ब्राझीलमध्ये आधी विषुववृत्त आणि मकरवृत्त ओढा. पहिलं अॅमेझॉनच्या मुखाजवळून जातं, दुसरं साओ पावलोजवळून. या दोन रेषा पक्क्या झाल्या की मनौस अॅमेझॉनच्या खोऱ्यात, ब्राझिलिया उच्चभूमीवर आणि सांतोस बंदर आग्नेय किनाऱ्यावर आपोआप जागा धरतात. भारतात हेच काम कर्कवृत्त करतं.

• नदी उगमाकडून मुखाकडे काढा, पेन्सिल त्याच दिशेने फिरवा. साओ फ्रान्सिस्को आधी उत्तरेकडे जाते, मग पूर्वेला वळून अटलांटिकला मिळते. नर्मदा आणि तापी पश्चिमेला जातात. हाताला दिशा कळली की ‘नदी कुठे मिळते’ हा एका वाक्याचा प्रश्न वेगळा पाठ करावा लागत नाही.

• ‘भौगोलिक कारणे लिहा’ हा प्रश्न साखळीने सोडवा. ब्राझीलच्या ईशान्य भागात पाऊस कमी का? वारे अटलांटिकवरून बाष्प घेऊन येतात. किनाऱ्यालगतची उंच भूमी त्यांना अडवते. किनाऱ्याच्या बाजूला प्रतिरोध पाऊस पडतो. पलीकडे पोहोचेपर्यंत वाऱ्यातलं बाष्प घटलेलं असतं. म्हणून तिथे पर्जन्यछायेचा प्रदेश आणि ‘अवर्षण चतुष्कोन’. आता हीच साखळी सह्याद्रीला लावून बघा. महाबळेश्वर पावसात बुडालेलं असतं आणि त्याच जिल्ह्यातला माण तालुका टँकरची वाट बघत असतो. ज्याला माण कळला त्याला ब्राझीलचा ईशान्य भाग घोकावा लागत नाही. फक्त उत्तरात ब्राझीलच लिहायचं, माणची आठवण मनात ठेवायची. प्रत्येक दुव्याला एक मुद्दा, एक ओळ. परिच्छेदात गुंडाळलेलं कारण तपासणाऱ्याला शोधत बसावं लागतं, आणि त्याच्यापुढे गठ्ठा असतो.

• वेळेचं गणित एकदा स्वतः करून बघा. भारताची प्रमाणवेळ 82°30' पूर्व रेखावृत्तावरून ठरते, ब्राझिलियाची 45° पश्चिम रेखावृत्तावरून. अंतर 127°30'. एका अंशाला 4 मिनिटं, म्हणजे 510 मिनिटं, साडेआठ तास. भारत पूर्वेला, म्हणून पुढे. तुमचा पेपर सकाळी 11 ला सुरू होतो तेव्हा ब्राझिलियात पहाटेचे अडीच वाजलेले असतात.

• ऋतू उलटे आहेत हे मनावर ठसवा. आपल्याकडे डिसेंबरात थंडी, ब्राझीलच्या दक्षिण भागात तेव्हा उन्हाळा. हवामानाच्या आलेखात ब्राझीलच्या शहराची तापमानरेषा जूनजुलैत खाली उतरलेली दिसली तर दचकू नका. ती तशीच असायला हवी.

• आलेख काढण्याआधी आकडे कसले आहेत ते बघा. वर्षागणिक बदल असेल तर रेषा शोभते, दोन देशांची तुलना असेल तर जोडस्तंभ. प्रमाण कोपऱ्यात लिहा, दोन्ही अक्षांना नावं द्या. स्तंभ सुबक आले पण प्रमाणच लिहिलं नाही, ही फार नेहमीची चूक आहे.

• क्षेत्रभेटीचा धडा वाचा. ‘यात काय विचारणार’ म्हणून मुलं तो सोडतात. साहित्य कोणतं न्याल, प्रश्नावली कशी कराल, अहवालात काय लिहाल, एवढीच तयारी लागते. इतक्या स्वस्तात गुण दुसरीकडे मिळत नाहीत.

काय टाळावे

• आकड्यांच्या मागे लागू नका. लोकसंख्येची घनता दशांशापर्यंत पाठ करण्यापेक्षा ब्राझीलची वस्ती किनाऱ्यालगत दाट आणि अॅमेझॉनच्या खोऱ्यात विरळ का, हे सांगता आलं पाहिजे. आलेख-वाचनाच्या प्रश्नात आकडे समोर दिलेलेच असतात.

• राजधानी म्हणून रिओ लिहू नका. 1960 पासून ती ब्राझिलिया आहे. ‘भारताचं दक्षिण टोक’ म्हटलं की कन्याकुमारीही लिहू नका; ते मुख्य भूमीचं टोक. देशाचं टोक म्हणजे निकोबारमधलं इंदिरा पॉइंट.

• ‘फरक स्पष्ट करा’मध्ये एका बाजूला हिमालयाची उंची आणि समोर ब्राझीलच्या नद्या, असं करू नका. उंचीसमोर उंची, नदीसमोर नदी.

• नकाशात सहा रंगांची रोषणाई नको. वेगळी चिन्हं आणि नीट सूची पुरेशी. सूचीत नसलेलं चिन्ह नकाशात असलं तर ते तपासणाऱ्याने ओळखायचं कसं?

• आदल्या रात्री नवा ‘अपेक्षित प्रश्नसंच’ उघडू नका. त्यापेक्षा आतापर्यंत भरलेल्या आराखड्यांतल्या खुणा केलेल्या चुका बघा आणि झोपा.

• नकाशाचा प्रश्न शेवटच्या दहा मिनिटांवर ढकलू नका. आधी भरा, त्यावर आसनक्रमांक लिहा आणि तेव्हाच उत्तरपत्रिकेला बांधा. घंटा झाल्यावर दोरा सापडत नाही.