इलेक्ट्रिक गिटार व तिचा पट्टा

वाद्य कसें वाजवावें हें शिकविणारे पुष्कळ भेटतात. तें कसें सांभाळावें हें सांगणारे फार थोडे. सतार वाजविणारा खालीं बसतो व वाद्याचा भार त्याच्या पायावर आणि मांडीवर येतो. व्हायोलिन हनुवटीखालीं दाबून धरलेलें असतें. इलेक्ट्रिक गिटार उभ्यानें वाजवावयाची असली, म्हणजे मात्र तिचा सारा भार खांद्यावरून जाणाऱ्या एका पट्ट्यावर पडतो. आणि तो पट्टा गिटारला दोन लहान बटणांनीं काय तो जोडलेला असतो. ह्या दोन बटणांविषयीं चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटूं लागलें, त्यास एक कारण घडलें.

एके वर्षीं स्नेहसंमेलनाची तालीम चालली होती. आमच्या एका विद्यार्थ्यानें आपल्या थोरल्या भावाची गिटार मागून आणली होती. भावानें ती पहिल्या नोकरीच्या पगारांतून दरमहा थोडे थोडे पैसे बाजूस टाकून घेतलेली. मुलगा खुर्चीवर बसून तारा जुळवीत होता. त्याची पाळी आली, तेव्हां आम्हीं लांबूनच हात हालवून लवकर उठण्याची खूण केली. तो उठला, पट्टा खांद्यावर राहिला आणि गिटार फरशीवर गेली. पाहतों तों तिची मान खुंट्यांच्या जरा खालीं आडवी तडकलेली. मुलानें वाद्य उचलून उराशीं धरलें व "आतां दादाला काय सांगूं?" एवढेंच विचारलें. त्याला घाई करणारे आम्ही होतों, आणि उठण्यापूर्वीं पट्टा पाहावा हें त्याला कधीं न शिकविणारेही आम्हीच. त्या दिवसानंतर आम्हीं ह्या बाबतींत जी माहिती मिळविली, ती येथें देत आहों.

इलेक्ट्रिक गिटार ही मूळची अमेरिकेंतील. १९३२ सालीं विक्रीस आलेली रिकनबॅकरची 'फ्राइंग पॅन' ह्या टोपणनांवाची गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवीत. तिला पट्ट्याची गरज नव्हती. पुढें १९५० मध्यें लिओ फेंडर ह्यानें भरीव लांकडाची गिटार बाजारांत आणली. १९५२ मध्यें गिब्सन कंपनीची 'लेस पॉल' व १९५४ मध्यें फेंडरची 'स्ट्रॅटोकास्टर' निघाली. ह्या भरीव गिटारी साधारणपणें साडेतीन ते साडेचार किलो वजनाच्या असतात. वादक उभा राहून, चालत फिरत वाजवूं लागला, आणि एवढें वजन तासन्‌तास खांद्यावर तोलून धरण्याचें काम पट्ट्याकडे आलें.

उभ्या माणसाच्या कमरेपासून जमीन सुमारें एक मीटर दूर असते. एवढें अंतर पडण्यास कोणत्याही वस्तूला अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ लागतो, व जमिनीवर आदळतांना तिचा वेग ताशीं सुमारें १६ किलोमीटर असतो. पदार्थविज्ञान शिकणाऱ्या मुलांनीं हें गणित स्वतः करून पाहावें. हात पुढें करून गिटार झेलूं, असें जो म्हणतो, त्याला तेवढा अवधीच मिळत नाहीं. त्यांतही लेस पॉलच्या धर्तीच्या गिटारचें खुंट्यांचें डोकें मागें कललेलें असतें. त्या वळणावर लांकडाचे तंतू आडवे तुटलेले असतात, आणि मानेच्या आंतील सळई पिळण्यासाठीं तेथेंच लांकूड कोरून काढलेलें असतें. म्हणून पडलेली गिटार बहुधा नेमकी तेथेंच मोडते.

आतां पट्टा सुटतो कसा तें पाहूं. बटणाची कंबर बारीक व डोकें रुंद असतें. पट्ट्याच्या टोंकाच्या चामड्यास एक भोंक व त्याला लागून एक चीर असते. गिटार खांद्याला लटकत असतां चामडें कंबरेवर घट्ट ओढलेलें राहतें, व रुंद डोकें त्याला बाहेर येऊं देत नाहीं. परंतु वादक खालीं बसला कीं भार मांडीवर जातो, पट्टा सैल पडतो, त्याचें टोंक फिरतें आणि चीर डोक्यावर चढून बसते. मग तो उठतांना जो तिरपा हिसका बसतो, त्यानें उरलेलें काम होतें. सारांश, पट्ट्याला ओढ असते तोंवर तो सहसा सुटत नाहीं. ओढ सुटते तेव्हांच तो सुटतो. आमच्या विद्यार्थ्याचें असेंच झालें.

ह्यावर उपाय अनेक आहेत, व त्यांतील पहिल्यास एक पैसाही लागत नाहीं. बसलेल्या स्थितींतून उठतांना एक हात गिटारच्या मानेवर ठेवावा, दुसऱ्या हातानें पट्ट्याचीं दोन्ही टोंकें चांपून पाहावीं, आणि मगच उठावें. पट्ट्याचें चामडें जाड व ताठ असावें. नवीन असतां तें बटणावर चढविण्यास कष्ट पडतात. ते कष्ट हेंच त्याचें इमान समजावें. जें टोंक एका बोटानें सहज निघतें, तो पट्टा टाकून द्यावा.

दुसरा उपाय रबरी चकतीचा. ज्या बाटल्यांचीं बुचें तारेच्या कडीनें दाबून बसवितात, त्या बुचांच्या रबरी चकत्या परदेशांतील वादक ह्या कामीं वापरीत आले आहेत. पट्टा चढविल्यावर चकती ताणून बटणाच्या डोक्यावरून आंत सरकवावी, म्हणजे चामडें जागचें हालत नाहीं. मात्र कांहीं गिटारींवर नायट्रोसेल्युलोजचें रोगण असतें व रबर लागून त्यावर डाग पडतात; तेथें जपावें.

तिसरा उपाय 'स्ट्रॅप-लॉक' हा होय. ह्यांत मूळचें बटण काढून नवें बसवितात व त्याचा जोडीदार पट्ट्याला लावतात. जर्मनींतील शालर कंपनीच्या लॉकांत पट्ट्याकडील तुकडा घोड्याच्या नालाप्रमाणें बटणास मिठी मारतो, व स्प्रिंगवरील पिन मध्यें जाऊन बसते. अमेरिकेंतील डनलॉपच्या एका प्रकारांत पट्ट्याकडील खुंटी बटणाच्या पोकळींत शिरून बारीक गोळ्यांनीं अडकते. मधली कळ दाबल्यावांचून ती निघत नाहीं. एका कंपनीचा तुकडा दुसऱ्या कंपनीच्या बटणावर चालेल असें समजूं नये. पट्ट्यावरील नट वाजवितांना हादऱ्यांनीं ढिला होतो, तो वरचेवर आवळीत जावा.

परंतु लॉक कितीही चांगलें असलें, तरी बटणाचा स्क्रूच लांकडांत डुगडुगत असेल तर त्याचा उपयोग काय? भोंक सैल झालें असल्यास काडेपेटींतील काडीचें गूल काढून टाकावें, काडी सुतारकामाच्या गोंदांत बुडवून भोंकांत घालावी, वर आलेला भाग कापावा, एक दिवस वाळूं द्यावें व मग स्क्रू हातानेंच, बेतानें पिळावा. तसेंच गिटारची वायर पट्टा व गिटार ह्यांच्यामधून ओढून घेऊन मग जोडावी. म्हणजे तिच्यावर कोणाचा पाय पडला तरी हिसका पट्ट्यास बसतो, सॉकेटला नाहीं.

पालकांस एवढीच विनंति कीं, मुलास वाद्य घेऊन देतांना सारे पैसे गिटारवर खर्च करून पट्टा मात्र हातीं येईल तो घेऊं नये. वाद्याच्या किमतीच्या मानानें चांगल्या पट्ट्याची किंमत अगदींच थोडी असते.

त्या गिटारची मान एका कारागिरानें सरसानें जोडून, दाबून ठेवून नीट केली. ती आजही सुरांत वाजते. आंगठा मागून फिरविला असतां सांध्याची रेघ तेवढी हातास लागते. थोरल्या भावाची क्षमा मागण्यास आम्ही स्वतः गेलों होतों. तो रागावला नाहीं. "सर, हें मलाही कोणीं सांगितलें नव्हतें," एवढेंच तो म्हणाला. आतां आमच्या तालमींत कोणीही उठण्यापूर्वीं पट्ट्याचीं दोन्ही टोंकें चांपून पाहतो, आणि तें होईपर्यंत आम्ही हात हालवीत नाहीं.